सर्वात जबरदस्त हंगाम कोणता? आकड्यांना विचारूया

मंडळी, एमसीजी म्हटलं की आपल्याला बॉक्सिंग डे कसोटी आठवते. सप्टेंबरात मात्र ते मैदान फुटबॉलचं असतं, ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलचं. हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच उभा केला. हिवाळ्यात खेळाडूंना सुस्ती येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू. १८५९ साली मेलबर्नमध्ये त्याचे नियम लिहिले गेले. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथ मारून चेंडू घातला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबाच्या आत गेला तर बिहाइंड, १ गुण. आजच्यापुरतं एवढं पुरे.

एखाद्या संघाने वर्षभर सगळ्यांना लोळवलं, असं आपण म्हणतो. ते मोजायचं कसं? गुणतालिकेत विजयाला ४ गुण असतात आणि दोन संघांचे गुण सारखे झाले तर टक्केवारी बघतात. वर्षभरात सामन्यांत आपण केलेले एकूण गुण भागिले आपल्याविरुद्ध झालेले गुण, गुणिले १००. मोप गुण होणारा काळ आणि गुणांचा दुष्काळ असलेला काळ यांची तुलना करायला हे माप बरं आहे, कारण ते गुणोत्तर आहे. पण ते भाबडंही आहे. एका दुबळ्या संघाला दीडशे गुणांनी धुतलं की ते फुगतं. २०११ मध्ये गोल्ड कोस्ट आणि २०१२ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनी हे नवखे संघ आले, तेव्हा वरच्या संघांना असे सामने आयतेच मिळाले. शिवाय प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. २००० साली १६ संघ आणि प्रत्येकाचे साखळीत २२ सामने, म्हणजे सात संघांशी दोनदा गाठ, बाकीच्यांशी एकदाच. ते सात कोण, यावर बरंच काही ठरतं.

आता गंमत बघा. नुसती टक्केवारी लावली तर २०११चा कॉलिंगवूड १६७च्या वर, २००८चा जिलाँग १६१च्या वर आणि २०००चा एसेंडन १५९. पण यातले पहिले दोघे अंतिम सामना हरले! कॉलिंगवूड तर त्या वर्षी तीनच सामने हरला, आणि तिन्ही जिलाँगशी. ज्याला आपल्यापेक्षा वरचढ असा एक प्रतिस्पर्धी त्याच वर्षी होता, त्याला मी सर्वात वर ठेवणार नाही, टक्केवारी काहीही म्हणो.

एसेंडनचं २००० साल जवळून पाहण्यासारखं आहे. पहिले २० सामने सलग जिंकले. मग २१व्या फेरीत वेस्टर्न बुलडॉग्जने त्यांना गाठलं. प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी जवळजवळ सगळा संघ बचावात उतरवला आणि एसेंडनच्या आघाडीच्या खेळाडूंना जागाच ठेवली नाही. वर्षातला तो एकमेव पराभव. पुढे बाद फेरीत नॉर्थ मेलबर्नला १२५ गुणांनी, कार्लटनला ४५ गुणांनी आणि अंतिम सामन्यात मेलबर्नला ६० गुणांनी हरवलं. बेरीज करा: २३०.

आता २००७चा जिलाँग घ्या. बाद फेरीत नॉर्थ मेलबर्नविरुद्ध १०६, कॉलिंगवूडविरुद्ध ५ आणि अंतिम सामन्यात पोर्ट ॲडलेडविरुद्ध ११९, जो अंतिम सामन्यातला आजवरचा विक्रम आहे. बेरीज? तीही २३०! सरासरी तंतोतंत सारखी. पण जिलाँग मधल्या पेपरात काठावर पास झाला होता. शेवटच्या मिनिटातला एक गोल इकडचा तिकडे झाला असता तर तो विक्रमी अंतिम सामना झालाच नसता. म्हणून मी म्हणतो, सरासरीच्या शेजारी सर्वात कमी फरकही लिहा. एसेंडनचा ४५, जिलाँगचा ५.

२००८चा जिलाँग हे माझं आवडतं उदाहरण. साखळीत २२ पैकी २१ विजय, आणि अंतिम सामन्यात हॉथॉर्नकडून ११५–८९ असा पराभव. मग तो हंगाम रद्दबातल समजायचा का? समजा एखादा संघ इतका भारी आहे की कुठलाही सामना जिंकण्याची त्याची शक्यता दहात नऊ आहे. ०.९चा घन ०.७२९. म्हणजे असा संघही बाद फेरीचे तीन सामने ओळीने चारातून साधारण तीनदाच जिंकेल. चौथ्यांदा जे घडतं त्यावरून संघ कमअस्सल ठरत नाही.

जिलाँगचे चाहते आणखी एक आकडा देतात: त्या सामन्यात जिलाँगचे ११ गोल आणि २३ बिहाइंड, एकूण ३४ वेळा गुण, हॉथॉर्नचे १८ आणि ७, एकूण २५. म्हणजे निव्वळ नशीब! इथे मात्र थांबायला हवं. त्या २३ पैकी ११ बिहाइंड हॉथॉर्नच्या बचावपटूंनी स्वतःच चेंडू रेषेपलीकडे नेऊन दिलेले होते. एक गुण द्यायचा, पण चेंडू आपल्या ताब्यात घ्यायचा. ते ३४ मधून वजा केले की जिलाँगकडे खरे २३ उरतात. हॉथॉर्नच्या ७ बिहाइंडांतले सगळे असेच होते असं धरलं, तरी त्यांचे १८ राहतात. नऊचा फरक फार तर पाचवर येतो. ही युक्ती इतकी बोचली की २००९ पासून असं मुद्दाम करणाऱ्या संघाविरुद्ध फ्री किक मिळू लागली.

१९२९चा कॉलिंगवूड मात्र मी याच पंक्तीत बसवत नाही. साखळीतले १८ पैकी १८ सामने जिंकणारा आजवरचा तो एकमेव संघ, हे खरं. पण उपांत्य सामन्यात रिचमंडने त्यांना ६२ गुणांनी हरवलं होतं. तेव्हाच्या नियमात साखळीत पहिल्या आलेल्या संघाला आव्हान देऊन पुन्हा खेळण्याचा हक्क होता, म्हणून ते अंतिम सामन्यात उतरले आणि रिचमंडलाच २९ गुणांनी हरवून विजेते झाले. तसा हक्क २००८ साली असता तर जिलाँगलाही आणखी एक सामना मिळाला असता.

तेव्हा माझ्या यादीत पहिला २०००चा एसेंडन, दुसरा २००८चा जिलाँग, करंडक हाती नसताना. आणि २००७चा जिलाँग तिसरा.