पोटातली धग

दोन डॉक्टरांचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! 2004 साली हा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांनाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे हाती लागतो.

चरबी म्हणजे नुसती साठवणीची कोठी, असं डॉक्टरही बरीच वर्षं मानत होते. 1993 मध्ये अमेरिकेत गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा सापडलं. दाह, म्हणजे सूज-लाली आणणारी शरीराची बचावाची प्रतिक्रिया; तिचा निरोप पोचवणारं हे प्रथिन. ते अडवलं, आणि उंदरांचं शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागलं.

चरबीची पेशी फुगत जाते, तिला रक्तपुरवठा अपुरा पडतो, शेवटी ती मरते. मग भक्षक पेशी तिच्याभोवती कडं करून बसतात. जखमेचा दाह चार दिवसांत शमतो. चरबीतला हा दाह वर्षानुवर्षं धुमसतो. ना ताप, ना ठणका. त्याचे निरोप यकृताला आणि स्नायूंना पोचतात, आणि तिथे इन्सुलिनचं कोणी ऐकेनासं होतं.

मग दाहच विझवला तर?

ही कल्पना वाटते त्याहून जुनी आहे. जर्मनीत 1876 साली विल्हेल्म एबश्टाइन यांनी मधुमेहींना सोडियम सॅलिसिलेट दिलं, अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातलं. लघवीतली साखर उतरली. त्याच कुळातलं साल्सालेट बोस्टनच्या संशोधकांनी पुन्हा हाती घेतलं. 2013 मध्ये निकाल आला: 48 आठवड्यांत एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा 0.37 टक्के-अंकांनी कमी राहिलं, पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढलं. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी उंदरांत जे साधलं, ते मधुमेही माणसांत साधलं नाही. शिवाय हाच दाह शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतो. त्याला हात लावला तर क्षय उसळू शकतो. आपल्या देशात ही भीती लहान नाही.

आता सेमाग्लुटाइड हे मधुमेहावरचं आणि वजन उतरवणारं औषध आलं आहे. भूक कमी होते, वजन उतरतं, आणि रक्तातली सीआरपी, म्हणजे दाहाची खूण, तीही उतरते. त्यातलं किती चरबी घटल्यामुळे आणि किती थेट औषधामुळे, याचा छडा प्रयोगशाळांत अजून लावला जातो आहे.