डिस्चार्जच्या वेळचा तो फॉर्म

(नाशिकरोडला ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं. तुमच्यातले बरेच जण कधी ना कधी ॲडमिट झालेले असणार, मग तो फीडबॅक फॉर्म कुणी भरला होता ते आठवून बघा. पेशंटने? छे. मुलगा नाहीतर जावई बिलाच्या काउंटरवर ताटकळत उभा, टीपीएचं, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं, अप्रूव्हल यायचंय, डिस्चार्ज सकाळी सांगितलेला आणि आता दुपारचे चार वाजलेत, खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि तेवढ्यात कुणीतरी हातात पेन देतं, सर एवढं जरा भरा ना. तो सगळीकडे ‘उत्तम’वर टिक करून मोकळा. मी इन्चार्ज सिस्टर होते, असे गठ्ठेच्या गठ्ठे पाहिलेत, आणि त्यातलाच एखादा पेशंट रात्रभर बेडपॅनसाठी हाका मारत होता हेही मला माहीत असायचं.

माझं म्हणणं असं की सेवा कशी वाटली हे विचारूच नका, काय घडलं ते विचारा, आणि माणूस घरी पोचल्यावर विचारा. अमेरिकेत एचकॅप्स नावाचा सरकारी सर्व्हे आहे, 2008 पासून त्याचे हॉस्पिटलवार निकाल लोकांसमोर ठेवतात. डिस्चार्जनंतर 48 तास ते 6 आठवड्यांत पेशंटला गाठतात आणि विचारतात की नर्सनी तुमचं लक्ष देऊन किती वेळा ऐकलं, नवीन औषध देण्याआधी ते कशाचं आहे हे किती वेळा सांगितलं. उत्तर कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा किंवा नेहमी. बास.

आपल्याकडे पेशंटचं मत विचारणारं केंद्र सरकारचं ‘मेरा अस्पताल’ 2016 पासून आहे, मोबाइलवर मेसेज येतो. पण सुरगाणा, पेठ अशा लांबच्या तालुक्यांतून नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलला आलेल्या आजीच्या केसपेपरवर नंबर असतो पुतण्याचा, मेसेज त्याला जातो, आणि तो रात्री वॉर्डात नव्हताच की.

आता औषधाचं बघा. एक आजी होत्या, रोज सकाळी गोळ्या हातावर ठेवल्या की विचारायच्या, ही पिवळी कशाची गं? उत्तर ठरलेलं, डॉक्टरांनी दिलीय, घ्या. बीपी काही खाली येईना, राऊंडला डॉक्टरांनी डोस वाढवला. मग चादर बदलताना मावशींना उशीच्या खोळीत सगळ्या पिवळ्या गोळ्या सापडल्या, अर्ध्यांचा चुरा झालेला! कुणीतरी नीट सांगितलं असतं ना, की आजी ही बीपीची आहे, तर आजींनी घेतली असती. आणि त्यांच्या सुनेने फॉर्मवर काय लिहिलं? उत्तम.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नर्सिंगवाल्यांना पण सोडत नाही आणि पेशंटचीच री ओढते. खूश पेशंट म्हणजे चांगले उपचार असं काही नसतं हो. सलाईन लावलं की आपल्याला बरं वाटतं, नाही लावलं तर डॉक्टर बेकार. 2012 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात डॉक्टरांवर सर्वात खूश असलेल्या लोकांचा औषधांवरचा खर्च जास्त निघाला आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त. खुशीमुळेच मेले असं नाही, पण नुसते स्टार मोजून भागत नाही हे खरं.

खाजगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं, हे महाराष्ट्राच्या 2021 च्या नियमांतच आहे. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात तर रिसेप्शनपाशी बघा, कधीकधी कुंडीच्या मागे असतं.

फॉर्म भरायचा की नाही असं या काकांनी विचारलं. भरा की! टिक कमी करा, खाली ‘सूचना’ म्हणून दोन ओळी रिकाम्या असतात तिथे तारीख, वॉर्ड, वेळ टाकून लिहा, की रात्री अडीचला हात सुजला, सलाईन थांबवा म्हणून दोनदा सांगितलं, सुई सकाळी सातला काढली. असं लिहिलं की मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या मुख्य बाईंना, त्या रात्रीचा ड्युटी चार्ट काढून बघावाच लागतो.