रस्त्यापासून चार बोटं

[दृश्य: व्हिटियर बुलेव्हार्ड, पूर्व लॉस एंजेलिस. संथ चाललेल्या गाड्या]

रस्ता मोकळा आहे, पण पुढे जायची घाई कुणालाच नाही. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांनी इथे रुजवलेला हा शौक म्हणजे लोरायडर. गाडी जितकी खाली आणि जितकी हळू, तितका तिचा तोरा जास्त.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या शेव्हरोलेट गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. गाडी खाली बसवायला कुणी डिकीत वाळूची पोती टाकी, कुणी सरळ स्प्रिंगच कापी. १९५८ पासून कॅलिफोर्नियाने नियम लावला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली गेला, तर दंड. पोलिसांना मोजपट्टीच मिळाली म्हणा ना!

लगेच १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्वेट या स्पोर्ट्स गाडीला विमानाचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, सुटे भाग बसवले. युद्धातून उरलेला असा माल तेव्हा बाजारात मिळत असे. बटण दाबलं की गाडी वर, पोलीस पुढे गेला की पुन्हा खाली.

[दृश्य: उघडी डिकी, जवळून]

ही डिकी बघा. सामान ठेवायला तसूभर जागा नाही. क्रोमचा मुलामा दिलेले पंप, तेलाच्या नळ्या, आणि ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या. बारा-बारा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की बहात्तर व्होल्ट. तेवढ्या जोरावर पंप तेल ढकलतो, चाकाजवळच्या सिलिंडरचा दांडा बाहेर येतो आणि गाडी उचलली जाते. चालकाच्या हातातल्या डबीवर बटणांची रांग असते: पुढचं, मागचं, डावं, उजवं. हात बसला की तीन चाकांवर गाडी चालवता येते. पुढची चाकं हवेत उडवायच्या तर स्पर्धाच भरतात.

[दृश्य: उडी मारणारी शेव्हरोलेट इम्पाला]

अशा उड्यांनी चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तडे जातात, टायर वाकडे झिजतात, पाठीचं तर विचारूच नका.

[दृश्य: गुलाबी इम्पाला, रंगाचा तपशील]

आणि ही 'जिप्सी रोझ'. १९६४ ची शेव्हरोलेट इम्पाला, इम्पीरियल्स या लोरायडर क्लबच्या हेसूस ऊर्फ जेसी वलादेझ यांची. अंगभर हाताने रंगवलेले गुलाब, आत गुलाबी मखमल. अशा रंगकामात आधी चमकदार थर, त्यावर पारदर्शक रंगाचे हातांवर हात, मग घासणं, मग पुन्हा रंग. एवढं करून गाडी पावसात कोण काढेल? २०१७ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत गेली आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या सार्वजनिक मैदानावर काचेच्या पेटीत मांडली गेली.

ज्या रस्त्यावर ती मिरवली, तो मात्र १९७९ मध्ये पोलिसांनी लोरायडरच्या अशा संथ फेऱ्यांसाठी बंद केला होता. गर्दी, भांडणं, वाहतूक अशी कारणं दिली गेली. पुढे राज्यातल्या कितीतरी शहरांनी तशीच बंदी घातली.

[दृश्य: क्लबची मंडळी, मुलंबाळं, आजी-आजोबा]

या मंडळींनी हार मानली नाही. कॅलिफोर्नियातल्याच नॅशनल सिटी या शहरात त्यांनी नगर परिषदेत खेटे घालून २०२३ मध्ये बंदी उठवून घेतली. त्याच वर्षी राज्याचा कायदाही बदलला. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियातल्या शहरांना अशा फेऱ्यांवर बंदी घालता येत नाही, आणि रिमचा तो नियमही रद्द झाला.