फिल्टर स्वच्छ, तरी आत धूळ

बेळगावच्या ऑटोनगरातील एका गॅरेजसमोर केए २३ क्रमांकाचा जुना ट्रक उभा आहे. गळीत हंगामात चिकोडी भागातील ऊस वाहणारी ही गाडी हंगामाच्या तोंडावर दुरुस्तीला आली आहे आणि तिची तक्रार एकच आहे: इंजिन ऑइल खाते. गेल्या वर्षीच पिस्टनच्या रिंगा बदलल्या होत्या, तरीही ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून पुन्हा धूर येऊ लागला आहे. चालक रिंगा बदलून घेण्याच्याच तयारीने आले आहेत. मिस्त्री मात्र हात पुसत म्हणतात, “मामा, रिंगा परत घालूया म्हणतासा, पण आदी धूळ कुठनं आत जातीया ते बघूया की.”

ही शंका अनाठायी नाही. पेट्रोल इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे फिल्टरमधून आलेली हवा सिलिंडरांना वाटणारा नळ, कुठे उघडा पडला तर इंजिन आचके देऊन लगेच कळवते. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) बसवलेल्या डिझेल इंजिनात दाबाची हवा बाहेर फुटते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि चढावर काळा धूर निघतो. बिनटर्बोचे जुने डिझेल इंजिन मात्र यातले काहीच करत नाही. फटीतून आत येणारी हवाही ते निमूटपणे ओढून घेते, आणि ती हवा फिल्टरमधून आलेली नसते. सुमारे पावणेसहा लिटर क्षमतेचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांवर ते हिशेबाने पावणेसहा हजार लिटर हवा ओढते. त्यातली थोडी हवा जरी शेतरस्त्यावरच्या धुळीसकट थेट आत गेली, तरी लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि रिंगा यांच्यामध्ये पॉलिश पेपर घासल्यासारखी झीज होत राहते.

धूळ तेलात अडकवणाऱ्या ऑइल बाथ फिल्टरची वाटी मिस्त्री उघडून दाखवतात. तेलाची पातळी बरोबर आहे, तळाशी गाळ बसला आहे, म्हणजे फिल्टर आपले काम करतो आहे. मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी होजलाही चीर नाही. मग ते देवाच्या फोटोपुढची उदबत्ती उचलतात. इंजिन थंड असतानाच पंख्याचा पट्टा काढला आहे, कारण पंख्याच्या वाऱ्यात धुराचा काहीच अर्थ लागत नाही. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालत असल्याने ही तपासणी दोन मिनिटांत उरकावी लागते. फेऱ्या वाढवून उदबत्ती मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) यांच्यातल्या सांध्याच्या कडेने सावकाश फिरवली जाते. पाच सिलिंडरांपर्यंत धूर सरळ वर जातो. सहाव्यापाशी, केबिनच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, तो वाकतो आणि दोरा सुईत शिरावा तसा सांध्यात नाहीसा होतो. काही जण याच कामासाठी सांध्यावर पेट्रोल मारतात. तो उद्योग करू नये, कारण आत गेलेल्या पेट्रोलवर डिझेल इंजिन आवरेनासे पळू शकते.

मॅनिफोल्डचे नट कडेकडून मध्याकडे सैल केले जातात. तो उतरल्यावर सहाव्या पोर्टच्या (हवा आत जाण्याच्या तोंडाच्या) आतल्या भिंतीवर तांबूस धुळीची बोटभर रेघ दिसते, आणि कारणही तिथेच सापडते: मागच्या कामात सांध्यातल्या जुन्या पॅकिंगचा एक तुकडा खरवडायचा राहिला होता व त्याच्यावरच नवे पॅकिंग बसवले गेले होते. हात नीट पोहोचत नाही अशा जागी असे होते. फट मिटावी म्हणून नंतर कुणीतरी तिथला नट जोर लावून आवळला असावा, कारण सरळपट्टी लावल्यावर मॅनिफोल्डची कड वाकलेली दिसते आणि तिच्याखालून ०.३० मिलिमीटरचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज जाते.

एवढी फट शेलॅकचा (चिकट लुकणाचा) जाड थर थापून बुजवण्याची पद्धत आहे, पण अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड तापल्यावर बिडाच्या हेडपेक्षा सुमारे दुप्पट पसरतो, त्यामुळे असे लिंपण टिकत नाही. म्हणून मॅनिफोल्ड बेळगावच्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाठवून त्याची बैठक मशीनवर सपाट करून आणली जाते. तोवर पोर्टमध्ये चिंध्या कोंबून हेडची बाजू खरवडली जाते. चिंध्या भरताना आणि काढताना मिस्त्री त्या मोठ्याने मोजतात: सहा आत, सहा बाहेर.

नवे पॅकिंग कोरडेच बसते. आता नट मध्यापासून कडांकडे, तीन टप्प्यांत, जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने आवळले जातात. पट्टा चढवून इंजिन तापवले जाते, पूर्ण थंड होऊ दिले जाते आणि नट पुन्हा तपासले जातात. सहाव्यापाशी पाना किंचित फिरतो. शेवटी पट्टा उतरवून पुन्हा उदबत्ती फिरवली जाते, आणि या वेळी त्या कोपऱ्यातही धूर सरळ वर चढतो.

झिजलेल्या रिंगा मात्र पॅकिंगने भरून येत नाहीत, आणि मिस्त्री ते लपवत नाहीत. हा हंगाम ऑइल भरत काढायचा आणि इंजिन पावसाळ्यात उघडायचे, असे ठरते. चालक ऑइलचा एक डबा सीटच्या मागे ठेवतात आणि गाडी सुरू करतात.