केबिनमधला दिवा कधी घालवायचा

मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी ट्यूबा बंद करता का? हां, बस्स. आता टेबलावर बघा. ही डब्ल्यूडीएम-२, भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती, एचओ स्केलची, म्हणजे १:८७. खरं इंजिन सतरा मीटरच्या वर, हे वीतभर. हेडलाइट लागलाय, मागचे लाल मार्कर लागलेत, केबिन उजळलंय, पिवळा फ्लॅशरसुद्धा लुकलुकतोय. छान दिसतंय ना? हेच मी एका निवृत्त ड्रायव्हरसाहेबांना मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अहो, हिला अपघात कुठे झाला?"

त्यांचं बरोबर होतं. फ्लॅशर शोभेचा नसतो. गाडी घसरली, तुटली, अचानक थांबली, की शेजारच्या रुळावरून येणाऱ्याला सावध करायला तो लावतात. आपण तो लावतो, कारण कंट्रोलरवर बटण रिकामं असतं. लाल मार्करांचंही तेच. इंजिन एकटं चाललं असेल तर मागे लाल हवाच. पण मागे डबे असतील तर तो लाल उजेड पहिल्या डब्याच्या तोंडावर पडून बघणार कोण? गाडीचा शेवट दाखवणारा दिवा शेवटच्या डब्याला असतो. आणि केबिन! रात्री चालत्या गाडीत आतला दिवा ठेवला तर समोरच्या काचेत स्वतःचंच तोंड दिसतं, सिग्नल दिसत नाही. म्हणून तो घालवलेला असतो, गेजच्या तबकड्यांपुरता मंद उजेड तेवढा राहतो.

तेव्हापासून मी दिवे लावायला कमी आणि घालवायला जास्त वेळ देतो. डिकोडर म्हणजे मॉडेलच्या पोटातलं, कंट्रोलरचा हुकूम पाळणारं छोटं सर्किट. त्याच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत: निळी सामाईक प्लस, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, हिरवी आणखी एका जादा फंक्शनची. केबिनचा दिवा हिरवीवर घ्या. चांगल्या डिकोडरमध्ये 'गाडी उभी असतानाच' अशी अट घालता येते. स्टेशनात गाडी थांबली की केबिन हळूच उजळतं, सुटली की अंधार. बघणाऱ्याला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही, पण तो पुढे वाकतो.

दिवा किती मंद ठेवायचा? बहुतेकजण करंट कमी करणारा १ किलोओहमचा रेझिस्टर लावून मोकळे होतात. बारा व्होल्टांतून पांढऱ्या एलईडीचे तीन गेले, नऊ उरले, म्हणजे नऊ मिलिअँपिअर. एवढ्याशा केबिनमध्ये तो लग्नाचा मांडव होतो. मी १० किलोओहम लावतो, कधी २२. आणि एलईडी वॉर्म व्हाइटच घ्या. जुन्या इंजिनाला निळसर पांढरा हेडलाइट म्हणजे आजोबांच्या पायात स्पोर्ट्स शूज. चुकून निळसर आणलाच असेल तर त्यावर पारदर्शक पिवळ्या रंगाचा एक पातळ हात द्या.

मी वापरतो तो एलईडी ०४०२ आकाराचा, म्हणजे एक मिलिमीटर बाय अर्धा. मोहरीचा दाणा त्याच्यापुढे थोराड वाटतो. चिकटपट्टी उलटी ठेवून त्यावर तो बसवायचा, इनॅमल वायरच्या टोकाला आधीच कथील चढवायचं आणि सोल्डरिंगचं टोक अर्धा सेकंदच टेकवायचं. श्वास सोडू नका. माझा पहिला एलईडी पंख्याच्या वाऱ्याने गेला, अजून सापडलेला नाही. दुसरा जोडला, पण रेझिस्टर विसरलो. क्षणभर फार सुंदर पेटला.

आणखी एक. प्लास्टिकची बॉडी उजेड गाळते. केबिनचा दिवा लागला की अख्खं छत कंदिलासारखं लाल होतं. आतून आधी काळा रंग, त्यावर हवा तो आतला रंग. काळ्याला कंटाळा करू नका.

आता आतलं सामान. केबिनच्या निम्म्या जागेत मोटर आणि सर्किट घुसलेलं असतं, तेव्हा खिडकीतून दिसतं तेवढंच बनवायचं. डब्ल्यूडीएम-२ला केबिन एकच, पण दोन्ही दिशांनी चालवता यावं म्हणून कंट्रोल स्टँड दोन, हे विसरू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन प्लास्टिकच्या शीटचे तुकडे कापून ते होतात. पंधरा सेंटिमीटरचं गेज इथे पावणेदोन मिलिमीटरचं, फोटोपेपरवर छापून सुईच्या टोकाने चिकटवलेलं. ड्रायव्हर उभा दोन सेंटिमीटरही भरत नाही. बाजारात मिळतात ते युरोपियन, टोपीवाले, ताठ बसलेले. मी टोपी तासतो, गळ्यात रुमाल रंगवतो आणि उजवा हात कोपरात कापून खिडकीवर टेकवतो. पाय मांडीपासून कापावे लागतात, खाली मोटरचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक आहे. ड्रायव्हरसाहेबांना ते सांगितलं नाही.

त्यांनी शेवटी एकच गोष्ट मागितली, मागच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी. तीन मिलिमीटरची पेटी, काळा रंग, वर पांढऱ्याने नाव घालायचं, जे वाचता येणारच नाही. गाडी आता उभी करतो. केबिनचा दिवा लागला की खिडकीतून डावीकडे बघा, ती तिथेच आहे.