आधी बूट, मग फिन: फ्लोट ट्यूबवरून मासेमारी करताना

[दृश्य: सरोवराचं पाणी. कॅमेरा पृष्ठभागाखाली उतरतो. दोन पाय, दोन फिन (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती), संथ लयीत हलणारे.]

पाण्याच्या वरून पाहिलं तर दिसतो गळ टाकून बसलेला माणूस. हवा भरलेली ट्यूब, मधोमध कापडी बैठक, आणि रॉड नि रीळ यांच्यात गुंतलेले दोन्ही हात. ट्यूब एका जागी धरून ठेवायची, मासे सरकतील तिकडे न्यायची, वारा सुटला की काठाला परत आणायची, ही सगळी कामं पाण्याखालचे हे दोन पाय करतात. त्यांच्यावाचून या माणसाकडे दुसरं इंजिन नाही.

आणि तरीही खरेदी करताना बहुतेकांचा सगळा वेळ ट्यूबचा आकार, तिचे खिसे, रॉड ठेवायची सोय पाहण्यात जातो. फिन शेवटी, हाताला लागतील ते. बूट घरात पडलेले असतील ते. आमचं म्हणणं आहे की निवड पायापासून सुरू व्हावी. आधी पायमोजा, त्यावर वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, त्यावर बूट, आणि सगळ्यात बाहेर फिन. आतला थर ठरल्याशिवाय बाहेरचा ठरवताच येत नाही.

[दृश्य: आडवा पोहणारा डायव्हर. त्याच्या शेजारी, त्याच चौकटीत, ट्यूबमध्ये बसलेला माणूस.]

फिन मुळात पोहणाऱ्यांसाठी तयार झाले. लुई द कोर्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं १९३३ साली त्यांचं पेटंट घेतलं. पोहणारा पाण्यात आडवा असतो. त्याची लाथ कंबरेतून निघते आणि मांडी, गुडघा, घोटा असं करत पात्याच्या टोकाशी पोचते. लांब, लवचीक पातं त्या लाथेला शोभतं.

ट्यूबमधला माणूस बसलेला असतो. मांड्या बैठकीवर टेकलेल्या, नडग्या खाली सोडलेल्या. कंबरेचा जोर त्याला फारसा लावताच येत नाही. खुर्चीत बसून पाय समोर झटकावा तशी त्याची लाथ गुडघ्यातून निघते. पाणी पुढे ढकललं जातं, ट्यूब मागे सरकते. म्हणून हा सगळा प्रवास पाठमोरा. एकट्या उजव्या पायानं लाथा मारल्या, तर तोंड उजवीकडे वळतं.

आता डायव्हिंगचा लांब फिन या पायात घालून पाहा. पातं जितकं लांब, तितकी तरफ मोठी, आणि तिचा सगळा ताण येतो घोट्यावर आणि गुडघ्यावर. पहिला अर्धा तास काही जाणवत नाही. मग नडगीच्या पुढचा स्नायू भरून येतो, पोटरीत गोळे येतात. तेव्हाच नेमका वारा वाढला, तर काठ फार दूर वाटू लागतो. या कामासाठी आखूड, रुंद आणि बऱ्यापैकी ताठ पातं बरं. फार मऊही नको, कारण मऊ पातं पाणी ढकलायच्या आधी स्वतःच वाकतं.

[दृश्य: घोट्याचं जवळून चित्रण. पाऊल वर ओढलेलं, मग खाली ताणलेलं.]

इथे एक क्षण थांबून घोट्याकडे पाहू या, कारण सगळी मेख इथे आहे. बसलेल्या माणसाचं पाऊल नडगीशी काटकोनात राहिलं, तर पातं पाण्यात आडवं पडतं. लाथ मारली तरी ते पाणी नुसतं कापत जातं. पाऊल खाली ताणलं, बोटं तळाकडे रोखली, की पातं उभं होतं आणि पाण्याला सपाट भिडतं. जोर तिथून मिळतो. म्हणजे घोटा मोकळा हवा.

आणि घोटा मोकळा ठेवायचा की नाही, हे बूट ठरवतो. नदीत चालण्यासाठीचे वेडिंग बूट घोट्याला घट्ट आधार देतात. निसरड्या दगडांवर तो आधार मोलाचा आहे. ट्यूबमध्ये मात्र तोच आधार पाऊल ताणू देत नाही. शिवाय हे बूट जाडजूड असतात, फिनच्या कप्प्यात मावत नाहीत. वेडरलाच जोडून आलेल्या रबरी गमबुटांची तऱ्हा वेगळी. ते घोट्यापाशी ढिले, त्यामुळे पाय आत हलतो आणि लाथेचा बराच जोर बुटातच विरतो.

आमची पसंती निओप्रीनच्या, म्हणजे फेसाळ कृत्रिम रबराच्या, डायव्हिंग बुटांना. घोट्यात लवचीक, बाजूला चेन, खाली चांगला जाड रबरी तळ. तळ जाड असण्याचा आग्रह धरा. काठावरच्या खड्यांवरून चालताना त्याचा उपयोग आहेच, पण फिनचा पट्टा ओढून बसवल्यावर पावलाखाली कडक आधार असला की तासन्‌तास लाथा मारूनही तळपाय दुखत नाही. हे बूट मोजे असलेल्या वेडरवर चढतात, आणि त्या वेडरचे मोजेही निओप्रीनचेच असतात. आत आणखी लोकरीचा मोजा. म्हणून बूट नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा लागतो, कधी दोन. दुकानात जाताना वेडर आणि मोजे बरोबर न्या, सगळं अंगावर चढवून पाहा, आणि बोटं हलतात का ते तपासा.

बोटं हलायलाच हवीत. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज वाहून जाते. निओप्रीन ऊब धरतं ते त्याच्या आतल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे. बूट आवळून बसला की ते बुडबुडे दाबले जातात, रक्ताभिसरणही मंदावतं, आणि जाड मोजा घालूनही पाय गार पडतात. बधिर झालेल्या पायाला फिन निसटल्याचंही कळत नाही. थंड पाण्यात ही गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नये.

[दृश्य: वाळूवर ओळीनं मांडलेले वेगवेगळे फिन.]

बूट ठरला. आता फिन. पूर्ण पाऊल आत जाणारे, अनवाण्या पायाचे फिन बाजूला ठेवा, त्यात बूट जाणारच नाही. उघड्या टाचेचे, मागे पट्टा असलेले फिन हवेत. फ्लोट ट्यूबसाठीच बनवलेल्या काही फिनचा कप्पा इतका रुंद असतो की वेडिंग बूटही त्यात बसतो. तुमचे पाणवठे असे असतील की काठावरून बरंच चालावं लागतं, तर हा पर्याय चांगला आहे. फक्त पातळ बूट घालून असा फिन वापरू नका. पाऊल आत डुगडुगेल.

वजनाकडे लक्ष द्या. १९६० च्या दशकात आलेला जेट फिन भरीव रबराचा, जड आणि बुडणारा आहे. पातं आखूड आणि ताठ असल्यानं तो ट्यूबमध्ये ताकद देतो, पण दिवसभर ते वजन पायांना उचलावं लागतं, आणि सुटला तर थेट तळाशी जातो. कॅलिफोर्नियाच्या बॉब इव्हान्स यांचा फोर्स फिन वेगळ्या विचारानं घडला. आखूड, वर वळलेला, मासोळीच्या शेपटीसारखा दुभंगलेला. लाथ पुढे जाताना पातं पाणी धरतं, पाय मागे घेताना सोडून देतं. बसून लाथ मारणाऱ्याला हे फार मानवतं. बिजागरीवर पातं वर उचलता येणारेही फिन मिळतात, ते घालून चालता येतं. मात्र बिजागरी म्हणजे वाळू अडकायची आणखी एक जागा.

फिन तरंगणारा असो वा बुडणारा, घोट्याला बांधायची छोटी दोरी लावाच. सरोवराच्या मध्यावर एक फिन गेला, तर राहिलेल्या एका पायाच्या लाथेनं ट्यूब स्वतःभोवती फिरते आणि माणूस थकून जातो. पट्टे बहुधा आधी दगा देतात. रबर उन्हानं तडकतं, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला ते ताणून बघा. डायव्हर वापरतात ते स्प्रिंगचे पट्टे ओल्या, गारठलेल्या बोटांनीही सहज ओढता येतात.

[दृश्य: काठ. माणूस पाण्याकडे पाठ करून हळूहळू मागे जातो.]

फिन घालून पुढे चालू नका. पात्याचं टोक अडकतं आणि तोल जातो. पाण्यापर्यंत बूट घालून जा, काठाशी फिन चढवा, मग पाठमोरे, पाय घासत आत शिरा. बाहेर येतानाही तसंच.

बुटाच्या तळाला फेल्ट, म्हणजे नमदा, घ्यायचा का? ओल्या दगडावर तो चांगला धरतो, पण त्याच्या धाग्यांत ओल टिकते आणि ओलीबरोबर जीवही. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शेवाळ सापडलं. ते पसरू नये म्हणून २००८ मध्ये तिथे गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी फेल्टच्या तळांवर बंदी आली. ट्यूबवाल्याला दगडांवर फार चालायचं नसतंच, तेव्हा रबरी तळ घ्या. निओप्रीनही सावकाश वाळतं. एका सरोवरातून दुसऱ्यात जाण्याआधी बूट, फिन आणि पट्ट्यांच्या खाचा धुऊन काढा, शेवाळ आणि चिखल तिथेच काठावर झटका, आणि बूट आतूनही पूर्ण वाळेपर्यंत नवं पाणी गाठू नका.