संगमेश्वरचं क्रॉसिंग

श्रोतेहो, नमस्कार.

कोकण रेल्वेने गेलेला माणूस क्रॉसिंग विसरत नाही. संगमेश्वरला गाडी थांबते, खिडकीच्या गजांवरून पाणी ओघळत असतं, पुढे लाल दिवा. मार्ग बहुतेक एकेरी. समोरची गाडी आत आली की मग आपण निघायचं. डब्यात कुणीतरी वैतागतंच. मला मात्र तो दिवा बघून धीर येतो. एका तुकड्यात समोरासमोर दोन गाड्या नकोत, ही अट तो राखून असतो.

आता ही अट बऱ्याच स्टेशनांत कॉम्प्युटर राखतो. तो चुकणार नाही कशावरून? चाचण्या घ्या, असं आपण म्हणू. पण समजा, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे, सिग्नल, रुळांचे तुकडे मिळून 40 गोष्टी आहेत आणि प्रत्येकीच्या दोनच अवस्था. तरी शक्यता होतात 1 लाख कोटींहून जास्त. सेकंदाला एक तपासली तर सुमारे 35 हजार वर्षं! घर शाकारलं की आपण कौलांवर चार बादल्या पाणी ओतून बघतो ना, तशी ही चाचणी. आषाढात वारा फिरतो आणि झड नेमकी दुसरीकडूनच आत येते.

म्हणून गणिताचा आधार घेतात, त्याला फॉर्मल मेथड्स म्हणतात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश, हे शाळेत आपण जगातले सगळे त्रिकोण मोजून शिकलो नाही, सिद्ध केलं. तसंच प्रोग्रॅमचं. पॅरिसच्या मेट्रोची 14 नंबरची लाइन 1998 साली सुरू झाली, पहिल्या दिवसापासून चालकाविना. तिच्या सुरक्षेचा प्रोग्रॅम ‘बी मेथड’ या अशाच एका गणिती पद्धतीने सिद्ध करत लिहिलेला होता.

पण सिद्ध होते ती लिहिलेली अट. 1993 साली वॉर्सात ओल्या धावपट्टीवर एक विमान उतरलं. दोन्ही बाजूंच्या चाकांवर पुरेसा भार आला किंवा चाकं वेगाने फिरू लागली, तरच ‘जमिनीवर आलो’ असं कॉम्प्युटरने मानायचं होतं. एका बाजूची चाकं उशिरा टेकली, पाण्यामुळे चाकं नीट फिरेनात, ब्रेक उशिरा लागले. दोघांचा जीव गेला. कॉम्प्युटर दिलेल्या अटीप्रमाणेच वागला होता.

आपल्याकडे पावसाळ्यात नियम असतो: मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं, तर वेग ताशी 40 किलोमीटर. गाडीच्या चालकाला तो कळतो. गणितात लिहायचा तर विचारावं लागेल, दिसेनासं म्हणजे किती मीटरवरचं? आणि ते विचारायचं कुणाला? भर पावसात, डोंगर कापून रूळ नेलेत त्या कटिंगमधून रात्रीची गस्त घालणाऱ्या माणसाला आधी विचारावं, असं मला वाटतं.